ब्रेकबाईंच्या गाडीचं ॲव्हरेज

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते, माझा नवरा ताई म्हणतो, आणि उरलेलं सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणारा त्यांच्याकडे गाडी शिकलेला असणार एवढं नक्की. गेली सव्वीस वर्षं वन्सं लोकांना गाडी चालवायला शिकवतात. गाडी एकच. पांढरी, चार दारांची, टपावर शिकाऊची पाटी, आणि वन्सं बसतात त्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक. शिकणाऱ्याने काय वाटेल ते करावं, शेवटचा शब्द त्या ब्रेकचा.

उंचीला त्या बेताच्याच. रस्ता नीट दिसावा म्हणून बुडाखाली जाड उशी घेतात, ती मीच शिवून दिलेली. आवाज मात्र दोन माणसांचा मिळून एक. तरी कोणावर ओरडलेल्या मी ऐकल्या नाहीत. समोरून ट्रक येत असला तरी शांतपणे सांगतात, "आता मी दाबतेय हं," आणि दाबतात. मग गाडी थांबली की चष्मा वर सरकवून विचारतात, "काय झालं आत्ता? सांगा बघू." शिकणारा बिचारा घामाने ओला. एकदा एक दातांचे डॉक्टर शिकायला आले होते. गिअर टाकताना त्यांचा हात लटलट कापायचा. वन्सं म्हणाल्या, "डॉक्टर, लोकांच्या हिरड्यांत सुई घालताना कापत नाही तो हात इथेच कसा हो कापतो?" डॉक्टर म्हणाले, "तिथे घाबरणारा दुसरा असतो."

त्यांची शिकवायची रीत बाकीच्यांहून वेगळी. दुसरीकडे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढतात. वन्संच्या वीस दिवसांच्या शिकवणीतले पहिले दहा दिवस मैदानात जातात. बर्फाचा कारखाना बंद पडला, त्याच्या मागे मोकळी जागा आहे. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला विजेचा खांब. भिंतीपासून खांबापर्यंत पुढे जायचं, आणि खांबापासून भिंतीपर्यंत, न वळता, तसंच रिव्हर्समध्ये मागे यायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तासभर. कंटाळून कोणी म्हणालं, बाई, रस्त्यावर कधी, की उत्तर ठरलेलं: "पुढे जायला गाढवालाही येतं. मागे येता आलं की रस्त्यावर."

आणि मधे मधे गाडी उभी करून त्या बोलतात. गाडी उभी, पण इंजिन चालू. कारण त्यांचं म्हणणं असं की गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी शिकायची. "ऐका, आता ती कुरकुरतेय का? नाही ना? मग ती सुखात आहे. आता क्लच सोडा... ऐकलंत? ही तक्रार." असं बोलता बोलता सासूसुनेच्या तक्रारींवरही जातात, आणि तिथून परत क्लचवर येतात. लोकांना ते आवडतं. नापास झालेला माणूस त्यांच्याकडून क्वचितच निघाला असेल.

आता मूळ गोष्टीकडे येते.

सव्वीस वर्षं एकाच पायाने ब्रेक दाबून वन्संचा उजवा गुडघा झिजला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. वन्संनी तो फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "क्लच प्लेट संपलीय." डॉक्टर म्हणाले, जपून वापरलात तर चार वर्षं काढेल, त्यानंतर हे काम नको. वन्संना काही धक्का बसला नाही. साठीला थांबायचं हे त्यांचं आधीपासून ठरलेलं होतं, आणि साठीला चारच वर्षं बाकी होती. त्यासाठी बँकेत पाच लाखांची ठेव ठेवलेली. लग्न केलेलं नाही, मागे पुढे कोणी नाही. आम्ही आहोत, पण त्या आमच्यावर भार टाकणाऱ्यातल्या नाहीत. त्या ठेवीला त्या "बसायचे पैसे" म्हणत. "हे पैसे आहेत म्हणून मी साठीला बसणार. हे गेले तर उभीच." त्या ठेवीचं व्याज आणि घराच्या पुढच्या खोलीचं भाडं, एवढ्यात एकट्या बाईचं भागतं, असा त्यांचा अंदाज होता आणि तो बरोबरच होता.

त्या पैशांवर पहिला डोळा पडला तो आमच्या ह्यांचा. वाईट हेतूने नाही हो. भावाची माया.

आमचे हे पाणीखात्यात मीटर रीडर. तीस वर्षं लोकांच्या दारातले मीटर वाचतायत. त्यामुळे आकड्यावर त्यांचा फार विश्वास. कोणी म्हणालं की आम्ही एवढं पाणी वापरलंच नाही, तर हे म्हणतात, "माणूस विसरतो, मीटर विसरत नाही." तर एका रविवारी वन्संकडे चहाला गेलो असताना ह्यांच्या हाती वन्संची पेट्रोलची वही लागली. वही कसली, मागच्या वर्षीची डायरी. पंपावर पेट्रोल भरलं की किती लिटर आणि गाडीतला किलोमीटरचा आकडा किती, एवढं त्या लिहून ठेवायच्या. ह्यांनी खिशातून पेन काढलं आणि मी मनात म्हटलं, झालं.

"ताई, तुझी गाडी महिन्याला एकशेपाच लिटर पेट्रोल खाते."

"खाते खरी."

"आणि चालते किती? नऊशे पंचेचाळीस किलोमीटर. म्हणजे लिटरला नऊ! अगं, ट्रक देतो एवढं!"

"म्हातारी झालीय रे धाकट्या. मी पण हल्ली जिना चढताना जास्त पेट्रोल खाते."

"चेष्टा नको. हल्लीच्या गाड्या लिटरला वीस, बावीस, चोवीस देतात. तू महिन्याला पाच हजार जास्तीचे जाळतेस, नुसते जाळतेस."

लिटरला शंभर असा तेव्हा भाव होता, आणि दर पंधरा दिवसांनी वरच जात होता. ह्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यांनी मांडलं ते असं. जुनी गाडी देऊन वर पाच लाख घातले की नवी, कमी पेट्रोल खाणारी गाडी येते. चार वर्षांनी वन्सं थांबतील तेव्हा ती तीन लाखांना सहज जाईल. म्हणजे गाडीने खरे खाल्ले दोन लाख. आणि चार वर्षांत पेट्रोल वाचलं अडीच लाखांचं. वरती पन्नास हजार नफा, आणि चार वर्षं थंडगार नव्या गाडीत बसायचं. "बसायचे पैसे बसूनच वाढतील," हे म्हणाले आणि स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन चहा प्यायले.

वन्सं मला म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं?"

मी शिवणकाम करणारी बाई. मला एवढंच कळतं की कापड कापायच्या आधी दोनदा मोजायचं, कारण कापल्यावर मोजून उपयोग नसतो. तेच बोलले. हे म्हणाले, "मोजलंय की! मीटर वाचलाय मी."

शनिवारी आम्ही शोरूमला गेलो. काचेचं घर, आत चकचकीत गाड्या, आणि एक टाय लावलेला विक्रेता, बोलणं मधात बुडवलेलं. त्याने वन्संना "मॅडम" म्हटलं. सव्वीस वर्षांत त्यांना कोणी मॅडम म्हटलं नसावं, त्या मागे वळून कोण आलंय ते बघायला लागल्या.

"चोवीसचं ॲव्हरेज आहे मॅडम. चालवून बघा, प्रेमात पडाल."

"चोवीस कोणी चालवलं तर?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे चालवायला न येणारे लोक चालवतात. त्यांनी चालवलं तर किती?"

विक्रेता हसला. त्याला तो विनोद वाटला. नवशिक्यांना ती गाडी चालवायला देणं तर शक्यच नव्हतं, जादा ब्रेकही नव्हता. मग वन्सं म्हणाल्या, "बरं, मीच चालवते. माझ्या मैदानात. तासभर." हे पुढे बसले, मी आणि विक्रेता मागे.

त्यानंतरचा तास मी जन्मभर विसरणार नाही. वन्सं जागेवर बसल्या, आरसा नीट केला, आणि एकदम दुसरंच कोणीतरी झाल्या. खांदे कानापर्यंत वर, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलेलं. गाडी तीन हिसके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"हे दातांचे डॉक्टर," त्या म्हणाल्या.

मग एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर, गाडी रडत रडत पुढे. "ही ती बँकेतली, जिला वाटतं दोन्ही दाबले की जास्त सुरक्षित." मग एकदम सुसाट, खांबाच्या हातभर अलीकडे करकचून ब्रेक. "हा तो, घरी वडिलांची गाडी गुपचूप चालवून आलेला." मग रिव्हर्स: मान मागे न वळवता, नागमोडी, भिंतीच्या दिशेने. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीत मागे बसलं की ते आपोआप येतं, मुद्दाम जप करावा लागत नाही.

विक्रेता पांढराफटक. दहा मिनिटांनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काकू, बाईंना लायसन आहे ना?"

"सव्वीस वर्षांपासून."

"मग हे काय चाललंय?"

"त्या धंद्याची पाहणी करतायत."

तासाभराने गाडीच्या पडद्यावर ॲव्हरेज उमटलं: अठरा. चोवीस नाही, पण अठरा. एवढे हाल करूनही! हे टाळी वाजवायचेच राहिले. "नऊ आणि अठरा! बरोब्बर दुप्पट! मी घरी अठराच धरले होते, ताई, चोवीस नाही. माझा अडीच लाखांचा हिशेब जसाच्या तसा!"

शोरूमला परतल्यावर वन्सं स्वतःच्या मूळ अंगात येऊन, एका फटक्यात, दोन गाड्यांच्या मधल्या सापटीत गाडी मागे घालून उतरल्या. विक्रेत्याने तोंड उघडलं ते मिटायला विसरला.

"गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "गुणी आहे. पण मला आठ दिवस द्या."

घरी येताना ह्यांची कुरकुर. "आता आठ दिवसांत काय होणार आहे? किंमत वाढेल."

"धाकट्या, गुडघा माझा, पैसे माझे. हे पैसे गाडीत घातले आणि तुझं गणित चुकलं, तर मला साठीनंतर पुन्हा त्या ब्रेकवर पाय ठेवावा लागेल. तो पाय तुझा नाही." आवाज चढला नव्हता. मग जरा वेळाने वन्संनीच त्यांच्या पाठीवर थाप मारली. "नव्या गाडीची परीक्षा घेतली ना आपण? आता जुनीची पण घेऊ. एकीला तोंडी आणि एकीला लेखी असं बरं नाही."

जुन्या गाडीची परीक्षा घ्यायचं काम माझ्यावर आलं. ह्यांना रजा नव्हती, आणि मी शिवणाचं काम दुपारवर ढकलू शकत होते. ह्यांनी मला सांगितलं होतं: प्रत्येक शिकवणीच्या सुरुवातीला आकडा लिही, शेवटी आकडा लिही. बाकी डोकं लावू नकोस.

सोमवारी सकाळी मी मागच्या सीटवर वही घेऊन बसले. पहिली शिकणारी एक शाळेतली बाई, तिचा चौथा दिवस. मी समोर वाकून आकडा लिहिला: दोन लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा. भिंत, खांब, भिंत, खांब. मधे इंजिन चालू ठेवून वन्संचं व्याख्यान. तासाभराने शिकवणी संपली, मी पुन्हा वाकले. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा.

मला वाटलं मीच सुरुवातीचा आकडा चुकून लिहिला. डोळ्यांत झोप होती. दुसरा शिकणारा रस्त्यावरचा, त्याचे बारा किलोमीटर पडले, ते बरोबर दिसलं. तिसरी पुन्हा मैदानातली. या वेळी मी आकडा दोनदा वाचला, बोट ठेवून. आणि तास संपल्यावर बघते तर तोच! तासभर गाडी धावली, मी आत बसून हाडं खिळखिळी करून घेतली, आणि आकडा म्हणतो आम्ही जागचे हललोच नाही.

"वन्सं, तुमचा हा आकडा बिघडलाय."

"छे, चांगला चालतो."

"अहो, तासभर फिरलो आणि एक किलोमीटर पडला नाही!"

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, पाणी ओलं का असतं. "पडेल कसा? पुढे गेलं की वाढतो, मागे आलं की कमी होतो. जेवढं गेलो तेवढं मागे आलो. जमाखर्च शून्य."

"म्हणजे रिव्हर्सला तो उलटा फिरतो?"

"मग! जुना, तारेने चाकाला जोडलेला आहे तो. मागे गेलं तर मागेच जाणार ना बिचारा?"

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? हे नऊ नऊ करून नाचत होते!"

"मला कुठे ठाऊक की त्याला माहीत नाही? मीटरचा माणूस ना तो?"

मी गाडीतून उतरून गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला, कारण मला अजून खरं वाटत नव्हतं. ते म्हणाले, "सगळ्या गाड्यांचं असं नसतं ताई. पण ब्रेकबाईंच्या गाडीचं आहे. मी तर त्यांना म्हणतो, असंच मागे मागे चालवत राहा, गाडी एक दिवस नवी कोरी होईल."

नव्या गाडीच्या पडद्याला असला साधेपणा नव्हता. ती पुढे गेलेलंही मोजत होती आणि मागे आलेलंही. म्हणजे एकीने चाललेलं सगळं मिरवलं होतं, आणि दुसरीने अर्धी मेहनत स्वतःच पुसून टाकली होती. बायकांमध्येही असे दोन प्रकार असतात, पण ते राहू दे.

आता खरी मेहनत कशी मोजायची? मी घरून दोऱ्याचं रीळ आणि माझी शिवणाची टेप आणली. दोरा मोजून मोजून भिंतीपासून खांबापर्यंत ताणला. साठ मीटर भरले. वन्सं दोऱ्याचं दुसरं टोक धरून उभ्या, आणि मैदानातून जाणारी माणसं विचारतायत, "काय ब्रेकबाई, प्लॉट घेतलात की काय?" "हो, तुमच्यासाठीच," वन्सं म्हणत. मग आठवडाभर मी मागे बसून खडूने पाटीवर फेऱ्यांच्या रेघा मारल्या. एका तासाला साधारण अठ्ठावीस फेऱ्या. जाऊन येऊन एका फेरीचे एकशेवीस मीटर. शिवाय वन्सं गाडी उभी करून किती बोलतात तेही घड्याळ लावून लिहिलं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं. डोकं लावू नकोस म्हटलं की बाईमाणसाचं डोकं जरा जास्त चालतं.

रविवारी पुन्हा वन्संच्या स्वयंपाकघरात बैठक. मी वही ह्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, परत वाचली, आणि चष्मा काढून पुसला.

"उलटा फिरतो?"

"उलटा," वन्सं म्हणाल्या.

"मीटर उलटा फिरतो?"

"धाकट्या, पाणी पी."

त्यांना खरंच लागलं होतं. तीस वर्षांची श्रद्धा. पण माणूस प्रामाणिक. पेन काढून त्यांनी स्वतःच नव्याने मांडायला घेतलं. मैदानातली धाव धरली तर गाडी महिन्याला नऊशे पंचेचाळीस नाही, बाराशे किलोमीटर चालते. म्हणजे लिटरला नऊ नाही, अकराच्या वर. आणि तेवढेच बाराशे नव्या गाडीने चालायचे म्हटले, तर तिलाही सदुसष्ट लिटर लागणार. महिन्याला वाचले अडतीस लिटर.

"तरी अडतीस आहेतच," हे जरा उभारी धरून म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "पुढचं पान उलटा."

पुढच्या पानावर मी वन्संच्या बोलण्याची मिनिटं मांडली होती. एका तासात सरासरी दहा मिनिटं गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, आणि वन्संची सासूसुनेवरून क्लचवर. नवी गाडी उभी राहिली की आपोआप बंद पडते, हा तिचा एक मोठा गुण विक्रेत्याने सांगितला होता. पण तो गुण जुनीतही आहे. किल्ली फिरवायची, की ती पण बंद पडते. उभ्या गाडीत तासाला किती पेट्रोल जळतं ते मिस्त्रींना विचारून मी हिशेब केला होता.

"वन्सं, तुमच्या बोलण्याला महिन्याला सतरा लिटर पेट्रोल लागतं."

हे जे हसायला लागले ते थांबेनात. "सतरा लिटर! ताई, तुला शाळेत तोंड बंद ठेव म्हणायचे ते उगीच नाही!"

"हसा," वन्सं म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. "बंद गाडीत मला बोलायला सुचत नाही गं. तिचा आवाज असला की जोडीला कोणीतरी आहे असं वाटतं."

"मग आवाज ऐकवायचा असेल तेव्हा चालू करा. सासूसुनेला कशाला?"

अडतीसातून सतरा गेले. उरले एकवीस लिटर. चार वर्षांचे लाखभर. आणि गाडी चार वर्षांत खाणार दोन लाख. ह्यांनी पेन खाली ठेवलं. तरी भाऊच तो, शेवटचा प्रयत्न म्हणून विक्रेत्याला फोन केला, की चार वर्षांनी तीन लाख नक्की येतील ना? विक्रेता म्हणाला, "येतील साहेब, पण ती शिकवणीची गाडी असेल ना? मग दोन धरा. त्या दिवशी मी बघितलंय तिचं काय होणार ते."

म्हणजे तीन लाख गेले, आणि वाचला एक.

मला इथे एक सांगायचंय. गाडी खोटी नव्हती आणि विक्रेताही लबाड नव्हता. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या, अजून दहा वर्षं चाक हातात ठेवणाऱ्या माणसाला ती गाडी पैसे वाचवून देईलच. आमच्या शेजारचे टॅक्सीवाले तीच घेऊन सुखात आहेत. पण कमी पेट्रोल खाणं आणि पैसे वाचणं या दोन गोष्टी आम्ही एकच समजून बसलो होतो. मधे आपण किती चालवणार आणि किती दिवस, हे विचारायचंच राहिलं होतं. मी देवाकडे रोज हात जोडते, पण पैशाचं त्याला कधी विचारत नाही. डोकं दिलंय ना त्याने, मग हे आपलं आपण करावं. त्या रात्री मात्र वन्संची ठेव जागच्या जागी राहिली म्हणून मी दोन शब्द जास्त बोलले त्याच्याशी.

दुसऱ्या दिवसापासून वन्संनी गाडी उभी राहिली की किल्ली फिरवायला सुरुवात केली. पहिले चार दिवस त्यांना फार जड गेलं. गाडी बंद झाली की त्यांचं वाक्यही मधेच बंद व्हायचं. शिकणारे घाबरायचे, बाई रागावल्या की काय. मग सवय झाली. महिन्याच्या शेवटी पंपावरच्या पावत्या मोजल्या तर एकोणनव्वद लिटर. मी सतरा म्हटले होते, वाचले सोळा. एक लिटर बोलल्याच असतील.

आणि त्या सोळाशेंचं काय करायचं? ह्यांनी सुचवलं, ठेवीत टाक. वन्सं म्हणाल्या, नको, एक काम करू. आता दिवसाला सहा शिकवण्या घेते, त्या पाच करू. जो पैसा पेट्रोलमधून वाचला तो सहाव्या शिकवणीच्या जागी धरायचा, जे थोडं कमी पडेल ते पडेल. म्हणजे गुडघ्याला रोज एक तास सुट्टी. हा हिशेब ह्यांच्या वहीत कुठेच नव्हता, पण मला तो सगळ्यात सरळ वाटला.

मागच्या आठवड्यात मी वन्संकडे नव्या उशीचं माप घ्यायला गेले होते. दुपारची वेळ, सहाव्या शिकवणीची जी आता नसते. वन्सं खुर्चीत, उजवा पाय समोरच्या स्टुलावर, बोटं हलवतायत. तेवढ्यात फोन वाजला. आवाज मोठा करून ठेवायची त्यांची सवय, म्हणून पलीकडचंही ऐकू येत होतं. एक बाई होती.

"ब्रेकबाई ना? मी तुमच्याकडेच शिकले होते बघा, बारा वर्षांपूर्वी. दोन्ही पाय दाबायचे ती."

"बँकेतल्या! विसरेन कशी? आता एकच दाबता ना?"

"एकच. अहो, आमच्या मुलीचं नाव लिहून ठेवायचं होतं. तुमच्याकडेच शिकवायचं ठरवलंय."

"पाठवा की. कधीपासून?"

"आत्ता तेरा वर्षांची आहे. अठरा पूर्ण झाली की."

वन्संनी बोटांवर मोजलं. माझ्याकडे पाहिलं. मी टेप हातात धरून तशीच उभी. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पाच वर्षांनी का? नाही हो. तेव्हा मी नसणार."

पलीकडून घाबरलेला आवाज, "अगंबाई, असं काय बोलता? बरं नाही का तुम्हाला?"

"अहो, मरत नाहीये मी!" वन्सं एवढ्या जोरात हसल्या की स्टुलावरचा पाय उडाला. "घरी असणार. बसलेली असणार. मुलीला घेऊन चहाला या. तोंडी सगळं शिकवीन, त्याला पेट्रोल लागत नाही."